पंखा फिरतो, पण डिस्प्ले नाही

बटण दाबलं. पंखा फिरला, कॅबिनेटच्या आत निळा दिवा लागला, आणि मॉनिटर मात्र काळा तो काळाच. त्याच्यावर ‘नो सिग्नल’ अशी चौकट इकडून तिकडे फिरत राहिली. मी वाट बघत होते. थोड्या वेळाने पंखा थांबला. मग आपला आपणच परत सुरू झाला, परत थांबला. “अरे मेल्या,” मी म्हटलं, “काय खेळ मांडलायस?”

दुकानात कुणी नव्हतं म्हणून मोठ्याने म्हटलं. असतं कुणी तरी म्हटलंच असतं. हे गेल्यावर माझं तोंड काही गप्प बसलेलं नाही, फक्त उलट उत्तर द्यायला कुणी राहिलेलं नाही.

आमचं दुकान बोर्लीच्या बाजारात, नाक्यापासून जरा आत. कॉम्प्युटर विक्री-दुरुस्ती, झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. त्यातली विक्री-दुरुस्ती ह्यांची, बाकीचं माझं. हे आतल्या टेबलावर मशीन उघडून बसायचे, मी बाहेरच्या टेबलावर लोकांचे फॉर्म भरायची. मूलबाळ आम्हाला नाही. घरात दोघं, दुकानात दोघं, जाता-येता स्कूटरवर दोघं, त्यामुळे आम्ही दिवसभर भांडायचो. कधी गमतीत, कधी खरोखर, आणि रात्री ताटावर बसलो की कशावरून ते आठवायचं नाही. दसरा झाला, आणि दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी हे वाडीत पाणी सोडायला गेले, पाटाच्या कडेला खाली बसले, आणि उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले हृदय. मला तर वाटत होतं ह्यांच्या अंगात तेवढी एकच गोष्ट धड आहे.

ह्या मशीनचे सगळे भाग ह्यांनीच आणून ठेवलेले. दिवेआगरचा एक फोटोग्राफर लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ करतो, त्याला दमदार कॉम्प्युटर हवा होता. मुंबईहून माल आणताना हे माणगावच्या रस्त्याने कधी यायचे नाहीत. घाटात हादरे बसतात म्हणे. भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरायची, रेवसला उतरायचं, तिथून अलिबाग, मुरूड करत आगरदांडा, मग खाडी ओलांडायला फेरीबोट, आणि दिघीहून घर. मी म्हणायची, “अहो, बोटीत हादरे नाहीत हे कबूल. पण रेवसपासून आगरदांड्यापर्यंतचा रस्ता काय लोण्याचा आहे?” ह्यांचं उत्तर ठरलेलं, “तुला नाही कळायचं.” संध्याकाळी दारात उभे राहायचे ते खोकी पोटाशी धरून, तान्हं बाळ घरी आणल्यासारखे, आणि शर्टाला डिझेलचा वास.

ती खोकी दुकानाच्या माळ्यावर तशीच पडून राहिली. फोटोग्राफर भला माणूस, त्याने एकदाही विचारलं नाही. विषय निघाला तो माझ्या दिरांमुळे.

माझे धाकटे दीर पनवेलला असतात. मनाने चांगला माणूस. मोठ्या भावाला देवासारखं मानायचे. ते आले आणि म्हणाले, “वहिनी, एक मोबाइलवाला गाळा मागतोय. देऊन टाका आणि आमच्याकडे या. एकटीने इथे काय करणार? झेरॉक्सवर काय दुकान चालतं का? मशीनची कामं दादा करायचा.” बोलण्यात खोट नव्हती, तेच तर वाईट. खोट असती तर मी कचाकचा भांडले असते. बायकोही त्यांची गुणाची आहे, खोली देईल, वेळेवर चहा देईल. पण पनवेलला मी कुणाची तरी वहिनी आणि कुणाची तरी काकू, शेंगा सोलत टीव्ही बघणारी. इथे बाजारातून जाताना लोक हाक मारतात, “मॅडम, आज उघडं आहे ना?” ते एवढंच माझं राहिलं होतं.

मग मी जे बोलले ते नेहमीप्रमाणे डोकं फिरल्यावर बोलले. “भावोजी, ह्यांची शेवटची ऑर्डर राहिलीय. ते मशीन मी जोडते. चालू झालं तर दुकान मी चालवणार आणि हा विषय परत काढायचा नाही. नाही झालं तर दुकानाची चावी तुमच्या हातात देते आणि बॅग भरते.” ते म्हणाले, “बरं. रविवारी येतो.”

बोलून बसले, आणि मग घाम फुटला. कारण मी उभ्या जन्मात मशीन जोडलं नव्हतं. बघितलं होतं, शेकड्याने बघितलं होतं. स्क्रू हातात दिले होते, वायरी बांधल्या होत्या, बॅटरीचा उजेड धरला होता. पण मदरबोर्डला ह्यांनी मला कधी बोट लावू दिलं नाही. “तुझ्या हाताला घाम येतो. खारं पाणी. बोर्ड खाऊन टाकशील.” आता इथल्या हवेतच एवढं मीठ आहे की नवीन बिजागरी पावसाळ्याआधी लाल होते, पण दोष माझ्या हातांचा! आणि एखादं मशीन सुरू झालं नाही की मान वर न करता म्हणायचे, “तुझा हात लागला असणार.” संताप यायचा, आणि त्याहून संताप याचा की बहुतेक वेळा ते खरं निघायचं. केर काढताना मागची वायर मीच ढिली केलेली असायची.

तर गुरुवारी मी हात साबणाने धुतले, पदराला कोरडे पुसले, तरी खात्री वाटेना म्हणून बोटांना टाल्कम पावडर लावली, मग आठवलं की पावडरही बोर्डाला चालायची नाही, परत धुतले. असं करत करत बसवला बाई बोर्ड. प्रोसेसर बसवताना देवाचं नाव घेतलं, वर पेस्टचा थेंब टाकला, पंखा चढवला. रॅमच्या दोन्ही पट्ट्या बसवल्या, त्यांची कडी टक् करून लागली. वायरी लावल्या. ह्यांच्यासारख्या नीट बांधता आल्या नाहीत, पण लावल्या. आणि बटण दाबल्यावर जे झालं ते सुरुवातीलाच सांगितलं.

पहिल्यांदा माणूस सोप्या गोष्टी बघतो. मॉनिटरची वायर काढून घातली. मॉनिटर माझ्या कॉम्प्युटरला लावून बघितला, तिथे झक्क चालला. मग मॉनिटरवरचा राग गेला आणि सगळा राग कॅबिनेटवर आला. आतली प्रत्येक वायर काढली, फुंकर मारली, परत दाबून बसवली. बोर्डावरचा बटणासारखा सेल काढून ठेवला, चहा प्यायले, परत घातला. बटण. पंखा फिरला, थांबला. फिरला, थांबला.

हे काम एकट्याचं नाहीच मुळी. एकाने आत डोकं घालायचं, दुसऱ्याने बॅटरी धरायची, आणि “अगं इकडे, इकडे धर, माझ्या डोळ्यांत काय मारतेस!” असं ओरडून घ्यायचं. ते ओरडून घेणारी मी होते. आता आत डोकं माझं, आणि बॅटरी हनुवटी न् खांद्याच्या मध्ये धरलेली. ती सारखी निसटायची. एकदा निसटून कॅबिनेटच्या पत्र्यावर पडली तेव्हा मी सवयीने म्हटलं, “धरा की नीट!” आणि मग तशीच वाकून उभी राहिले. पाठ दुखायला लागली तरी सरळ व्हावंसं वाटेना. माणूस गेल्याचं दुःख लोकांना वाटतं तेराव्याला वगैरे होतं. मला ते त्या बॅटरीपाशी झालं.

आमच्या दुकानासमोर सुकट-बोंबील घेऊन एक मावशी बसते. तिला सगळ्या बाजाराची खबर. शुक्रवारी सकाळी मी शटर वर करते न करते तोच तिने विचारलं, “झाला काय गो चालू तुझा डबा?”

“नाही ना मावशी.”

“नारळ फोडलास?”

“नाही.”

“न्हाय? मग कसा व्हईल चालू? तुझा घरवाला न्हाय म्हणून काय देव पण न्हाय व्हय?”

आता ह्यांची रीत होती खरी. नवीन मशीनला हळद-कुंकू, अक्षता, पुढ्यात नारळ, मगच बटण. सरकारी कार्यालयाचं मशीन असो नाही तर मशिदीजवळच्या शिवणाच्या दुकानाचं, नारळ चुकला नाही. ती रीत मी मुद्दाम पाळली नव्हती. नवरा गेलेल्या बाईने हळद-कुंकू वाहिलं तर बाजारात चार तोंडं बोलणार, नाही वाहिलं तरी बोलणार. मग म्हटलं, जाऊ दे, नारळाची चटणी करून खाईन. पण मावशी तसं म्हणाली आणि मनात पाल चुकचुकलीच. मावशी ऐकतेय थोडीच! दुपारी मीठ-मिरच्या घेऊन आली आणि कॅबिनेटवरून ओवाळून गेली. मी म्हटलं, “मावशी, मीठ आत सांडू नका म्हणजे मिळवली.”

शुक्रवार असाच गेला. गिऱ्हाईकं येत होती, फॉर्म भरून घेत होती. हे गेल्यापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. दवाखान्यात आल्यासारखे. पूर्वी घासाघीस करायचे, “मॅडम, तुमचं झेरॉक्स लई काळं येतं,” म्हणून कटकट करायचे. आता काळं येऊ दे नाही तर पांढरं, घेतात आणि मान हलवून जातात. कुणी तरी येऊन माझ्याशी वाद घालावा म्हणून मी मुद्दाम एकाला फिकट कॉपी काढून दिली. तो म्हणाला, “चालेल, चालेल.” मला रडू आलं.

शनिवारी फोटोग्राफर आला. तो येणार हे मला माहीत होतं आणि येऊ नये असं वाटत होतं. उघडं कॅबिनेट बघून त्याला काय ते समजलं. तो म्हणाला, “वहिनी, तुम्ही ताण घेऊ नका. मी हे भाग असेच घेऊन जातो. श्रीवर्धनला एक जण आहे, तो बघेल.”

“उद्या या,” मी म्हटलं.

“तसं नाही, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. दादांचा हातच वेगळा होता. त्यांचं मशीन कधी बंद पडलेलं मी बघितलं नाही.”

“उद्या या म्हटलं ना!”

बिचारा दचकला आणि गेला. माझं हे असं आहे. जो चांगलं बोलतो त्याच्यावरच मी खेकसते.

तो गेल्यावर मी माझ्या रोजच्या कॉम्प्युटरची पॉवर सप्लायची पेटी काढली. म्हणजे आता फॉर्मही बंद, झेरॉक्स तेवढं चालू. ती पेटी नव्या मशीनला लावली. फरक शून्य. म्हणजे वीज नीट मिळत होती. मग रॅम. रॅमच्या पट्टीला खाली सोनेरी दात असतात, त्यांच्यावर इथल्या हवेने मळ धरतो. हे शाळेतला खोडरबर घेऊन ते दात घासायचे, आणि दहातली सात मशीनं तेवढ्यावर जिवंत व्हायची. मी ह्यांच्या खणातला तो खोडरबर घेतला, दोन्ही पट्ट्या घासल्या. मग एकच पट्टी लावून बघितली. मग ती काढून दुसरी लावून बघितली. दोन्ही वेळा तेच.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या बोर्डावर रॅमसाठी चार खाचा होत्या. ह्यांचा नियम असा की एकच पट्टी असली तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या खाचेत. पहिलीत नाही, तिसरीत नाही. दुसरीत. एकदा मी नुसतं विचारलं होतं, “का हो, बाकीच्या काय शोभेच्या आहेत?” त्यावर ह्यांनी मला चांगलं तासभर लेक्चर दिलं होतं. म्हणून मी दोन्ही पट्ट्या आळीपाळीने त्या दुसऱ्या खाचेतच लावल्या. दुसरं काही डोक्यात आलंच नाही. जिवंत होते तोवर ह्यांचं एक ऐकलं नाही, आणि आता बघा.

दोन्ही पट्ट्यांवर चालत नाही म्हणजे पट्ट्यांचा दोष नाही. वीज ठीक, मॉनिटर ठीक. राहिला बोर्ड. बोर्ड माझ्या हाताने मेला. हे म्हणायचे तेच झालं, माझ्या हाताच्या खाऱ्या घामाने तो खाल्ला. मी शटर अर्धं खाली ओढलं, आतल्या टेबलाशी बसले आणि रडले. सांगायला लाज कसली. मला पनवेलचं दुःख नव्हतं इतकं, जितकं ह्या गोष्टीचं होतं की मी ह्यांची शेवटची ऑर्डर घालवली. आणि ‘असू दे गं, होतं असं’ म्हणणारा माणूस म्हणजे तोच, ज्याने आधी ‘तुझा हात लागला असणार’ म्हटलं असतं. तो सगळाच गेलेला.

रविवारी सकाळी लवकरच दुकानात गेले ते हरूनच. दिरांचा फोन येऊन गेला होता, माणगावपर्यंत आलोय म्हणून. म्हटलं, निदान सगळे भाग पुसून, जसेच्या तसे खोक्यात भरून ठेवू. फोटोग्राफरला देऊ, म्हणजे श्रीवर्धनचा तो काय ते बघेल. चावी टेबलावर काढून ठेवली. रॅमची पट्टी उपसायला हात घातला, आणि कडी काही निघेना. घट्ट बसली होती. जोर केला तर नखाला लागलं, चांगलं रक्त आलं.

मग माझं डोकं फिरलं. “दुसरी खाच! दुसरी खाच! तुमची दुसरी खाच गेली खड्ड्यात!” असं ओरडत मी पट्टी उपसली आणि सगळ्यात शेवटच्या खाचेत खुपसली. ह्यांना चिडवायला म्हणूनच. समोरून मावशी ओरडली, “काय झाला गो?” मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. बटण दाबलं.

पंखा फिरला. थांबला नाही.

मॉनिटरवर कंपनीचं चिन्ह आलं, त्याच्याखाली पांढरी अक्षरं. मी दोन्ही हात तोंडावर धरून बघत होते. इतकं साधं चित्र, हजारदा बघितलेलं.

पण मग विचार आला, ती दुसरी खाच का नाही चालली? फोटोग्राफरला दोन्ही पट्ट्या चालू हव्यात, एका पट्टीवर त्याचे व्हिडिओ रांगत चालतील. मशीन बंद केलं, वायर काढली, बॅटरी हनुवटीखाली धरली आणि त्या खाचेत डोकावले. एका टोकाला, अगदी खाली, काहीतरी लाल दिसत होतं. गंज म्हणावा तर गंज असा गोल नसतो. चिमट्याने हळूहळू ओढलं. निघेना. चिकटून बसलं होतं. परत ओढलं, आणि माझ्या तळहातावर आली तांदळाची कणी. कुंकवाने माखलेली, सुकून खडखडीत झालेली.

त्या बोर्डावर कडी एकाच बाजूला होती. ती टक् करून लागायची म्हणून मला वाटायचं पट्टी बसली. दुसऱ्या टोकाला ती ह्या कणीवर टेकून केसभर वर राहत होती. बस्स, एवढंच.

पण कुंकवाची कणी इथे आली कुठून? मी तर अक्षता वाहिल्याच नव्हत्या. आणि मग एकदम डोळ्यांसमोर दसरा आला. दसऱ्याला दुकानात हत्यारांची पूजा. पाटावर स्क्रू ड्रायव्हर, पकड, सोल्डरिंग गन, आणि नवीन आलेला माल. मी म्हटलं, बोर्डाच्या खोक्यावर कुंकू लावा म्हणजे झालं. तर हे म्हणाले, “खोक्याची कसली पूजा? पूजा यंत्राची करायची.” खोकं उघडलं, पिशवीतून बोर्ड बाहेर काढला, पाटावर मांडला. आणि अक्षतांसाठी घरून तांदूळ आणले ते कणीच्या डब्यातले. मी केवढी भडकले होते! “अहो, अक्षतांना अख्खे तांदूळ लागतात, एवढंही कळत नाही? देवाला काय पेज घालताय?” हे म्हणाले, “देव दात पाडून बसलाय असं समज,” आणि चांगली मूठभर कणी उधळली. मग बोर्ड झटकला, फुंकर मारली, पिशवीत घातला. झटकताना सगळी पडली, ही एक राहिली. अख्खा तांदूळ त्या खाचेत मावलाच नसता.

मी हसायला लागले. एकटीच, ह्यांच्या स्टुलावर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. अहो, तुमचा हात! माझा नाही, तुमचा हात लागला! एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, अगदी पुराव्यासकट, चूक तुमची निघाली. पंख्याची नाही, माझ्या घामाची नाही, नारळाची नाही. तुमच्या पूजेची. काय काय म्हणणार होते मी! महिनाभर पुरवून पुरवून म्हटलं असतं. जेवायला वाढताना म्हटलं असतं, पाहुण्यांसमोर म्हटलं असतं. हे काय उत्तर देतात ते ऐकायला माझे कान आसुसले होते. काही तरी दिलंच असतं, ऐकून घेणारा माणूसच नव्हता तो. आणि दुकानात नुसता घड्याळाचा आवाज येत होता. जिंकल्यावर इतकं एकटं वाटतं हे मला माहीत नव्हतं. इतकी एकटी मी स्मशानातून आले त्या दिवशीही नव्हते.

कणी एका कागदाच्या तुकड्यावर ठेवली. दोन्ही पट्ट्या परत लावल्या, ह्यांच्या नियमाने, दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. मशीन सुरळीत चालू झालं. बाकीचं सॉफ्टवेअर भरायला लावलं आणि तोंड धुऊन आले. मावशीला खूण केली, तिने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. तिच्या हिशेबाने मीठ-मिरच्यांचंच श्रेय.

दीर आले तेव्हा पडद्यावर निळी पट्टी पुढे सरकत होती. ते दारातच थांबले. चपला काढल्या, आत आले, मशीनच्या मागे वाकून बघितलं, परत पुढे येऊन पडद्याकडे बघितलं.

“चालू झालं?”

“झालं.”

“तुम्ही केलंत? एकटीनं?”

“मग काय मावशीनं केलं?”

ते खाली बसले. ह्यांच्यासारखेच गुडघ्यांवर हात ठेवून. टेबलावरची चावी त्यांनी हातात घेतली आणि माझ्यासमोर सरकवली. “तुमच्याकडेच राहू दे, वहिनी. शब्द म्हणजे शब्द. मोबाइलवाल्याला मी सांगतो.” मग चष्मा काढून पुसायला लागले, बराच वेळ पुसत राहिले. “काय झालं होतं पण? इतके दिवस का चालू होईना?”

माझ्या तोंडाशी आलं होतं. सगळं आलं होतं, कणीच्या डब्यासकट. अखेर एक तरी माणूस समोर होता, ज्याला सांगता आलं असतं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ह्यांच्या टेबलाकडे, ओळीने लावलेल्या स्क्रू ड्रायव्हरकडे बघत राहिले. देवळात माणूस बघतो तसे. मी कागदावरच्या कणीवर हात ठेवला.

“काही नाही हो. रॅम नीट बसली नव्हती. मीच वेंधळी.”

ते हसले, मान हलवली. “दादा असता तर असं झालंच नसतं.”

“नसतंच झालं,” मी म्हटलं.